पक्का रंग आणि फिरता रंग

गेल्या वैशाखांत दोन दिवस बदलापुरास थोरल्या बंधूंकडे राहण्याचा योग आला. कल्याण सोडून गाडी विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ हीं स्थानकें एकामागून एक मागें टाकूं लागली, कीं खिडकींतून कधीं औषधी, कधीं आंबूस असा एक वास आंत येतो. नेहमींच्या प्रवाशांस तो इतका परिचयाचा झालेला आहे कीं, डोळे मिटूनहि आपण कोठवर आलों हें त्यांस सांगतां यावें. याच टापूंतून वालधुनी नदी वाहते. इ. स. १०६० चा शिलालेख असलेल्या अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराच्या कडेनें ती पुढें उल्हासनगरांतून कल्याणच्या खाडीकडे जाते. तिचें पाणी एके दिवशीं तांबडें तर दुसऱ्या दिवशीं काळसर झालेलें आपण पाहिलें आहे, असें येथील पुष्कळ लोक सांगतात.

घरीं पोंचतांच वहिनींनीं चहाबरोबर एक तक्रारहि पुढें ठेविली. पुतण्या यंदा रसायनशास्त्र घेऊन एम्. एस्सी. झाला. त्याच्यापुढें दोन वाटा आहेत. एका रंगाच्या कारखान्यांत बऱ्या पगाराची नोकरी मिळत आहे; आणि एका विद्यापीठांत संशोधनाकरितां जागाहि मिळत आहे. तेथें विद्यावेतन बेताचें आणि वर्षें निदान पांच. चिरंजीवांचा सारा ओढा या दुसऱ्या वाटेकडे.

"भाऊजी, तुम्ही मासिकांत शास्त्रावर लिहितां, तर तुम्हींच त्याला विचारा," वहिनी म्हणाल्या. "विषय काय, तर म्हणे वीज दिली कीं रंग बदलणारें, धातु घातलेलें प्लास्टिक! यांनीं तीस वर्षें रंगाच्या कारखान्यांत काढलीं. त्या रंगांवर हें घर उभें राहिलें, हें मी नाकारीत नाहीं. पण नदीचें काय झालें तेंहि मीच पाहिलें आहे. आतां आणखी रंग कशाला?"

दादा आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत होते. मान वर न करतां ते म्हणाले, "आम्ही जन्मभर रंग पक्का व्हावा म्हणून झटलों. धुतला तरी जाऊं नये, उन्हांत टाकला तरी विटूं नये. आणि हा आतां बटण दाबतांच उडून जाणारा रंग करणार!"

पुतण्या नुसता हंसला. त्या दोन दिवसांत त्याच्याकडून मला जें समजलें आणि घरीं परतल्यावर मीं जें पडताळून पाहिलें, तें या महिन्याच्या सदरांत वाचकांपुढें ठेवीत आहें. मुलानें कोणती विद्या घ्यावी, तिच्यापासून घरास काय मिळेल आणि गांवास काय सोसावें लागेल, हा प्रश्न कांहीं एका कुटुंबापुरता नाहीं.

रंग ही एक वस्तु आहे, ती कापडास लावली कीं कापड रंगतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. व्यवहारांत ती खोटी नाहीं. पण पुरती खरीहि नाहीं. पांढऱ्या उजेडांत सर्व रंगांचे किरण असतात. एखादा पदार्थ त्यांपैकीं कांहीं किरण गिळतो आणि उरलेले परत सोडतो. ते उरलेले आपल्या डोळ्यांस दिसतात. कोणते किरण गिळावयाचे, हें त्या पदार्थांतील इलेक्ट्रॉन नांवाच्या अतिसूक्ष्म विद्युत्-कणांच्या मांडणीवर अवलंबून असतें. मांडणी तीच राहिली तर रंगहि तोच राहील. एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला किंवा एखादा नवा आणून बसविला, तर तोच पदार्थ अगदीं निराळा दिसूं लागेल.

याचें जवळचें उदाहरण उल्हासनगरांतच आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती कल्याणजवळच्या लष्करी छावणींत झाली, आणि १९४९ च्या ऑगस्टांत तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. उद्योगी सिंधी बांधवांनीं तेथें जे अनेक धंदे उभारले, त्यांत जीन्स नांवाच्या जाड निळ्या विजारी शिवण्याचा आणि धुण्याचा धंदा देशभर प्रसिद्धीस आला. ती निळाई म्हणजे आपली जुनी नीळच. फरक इतकाच कीं, १८९७ सालापासून जर्मनीच्या कारखान्यांनीं ती शेतांतून न काढतां दगडी कोळशाच्या डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून बनवून बाजारांत आणिली.

आतां नीळ पाण्यांत विरघळत नाहीं. मग ती सुतांत शिरते कशी? रंगारी प्रथम तिला एका द्रव्याच्या योगानें पिवळट-हिरव्या आणि विरघळणाऱ्या रूपांत आणतो. त्या द्रव्यानें निळीस इलेक्ट्रॉन दिलेले असतात. सूत त्या पिवळट पाण्यांत बुडवून बाहेर काढलें कीं हवेंतील प्राणवायु ते इलेक्ट्रॉन काढून घेतो, आणि पाहतां पाहतां सूत निळें होतें. नवा रंग बाहेरून आला नाहीं; एकाच पदार्थाची अवस्था पालटली, इतकेंच.

निळीस इलेक्ट्रॉन देणारें तें द्रव्य सोडियम हायड्रोसल्फाइट या नांवानें विकलें जातें. तें एकदां वापरलें कीं संपलें. त्याचे क्षार सांडपाण्यांतून वाहून जातात. म्हणून ऑस्ट्रियांतील थॉमस बेख्टोल्ड प्रभृति संशोधकांनीं या द्रव्याच्या ऐवजीं विजेच्या तारेकडूनच इलेक्ट्रॉन घेण्याची पद्धति शोधून काढली. तारेपासून निळीपर्यंत इलेक्ट्रॉन पोंचविण्याचें काम तींत लोहाचा एक विरघळणारा संयोग करतो. टपालवाल्याप्रमाणें तो एक पोंचविला कीं दुसरा नेण्यास परत येतो, आणि स्वतः खर्च होत नाहीं. लोह आणि वीज यांची ही जोडी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचाच संबंध येणार आहे.

एवढें ऐकून मन भरत नसेल, तर घरीं एक प्रयोग करून पाहावा. कांचेच्या पेल्यांत अर्धा पेला पाणी घेऊन त्यांत भाताची पातळ पेज दोन चमचे घालावी. औषधांच्या पेटींतील टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब त्यांत टाकले कीं पाणी गडद निळें होईल. मग लिंबाचा रस थेंब थेंब घालून ढवळीत जावें. एक थेंब असा येईल कीं सारी निळाई एकाएकीं नाहींशी होईल, तेथेंच थांबावें. लिंबांतील ‘क’ जीवनसत्त्वानें आयोडीनला इलेक्ट्रॉन दिले, म्हणून रंग गेला. आतां जखम धुण्यासाठीं मिळणारें हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर घालावें. थोड्या वेळानें निळा रंग परत येऊं लागेल, कारण तें द्रव्य तेच इलेक्ट्रॉन पुन्हां हिरावून घेतें. मुलांस मोठी मौज वाटेल. मात्र हें पाणी कोणी पिऊं नये आणि पेला लगेच स्वच्छ धुवावा.

लिंबानें जें दिलें आणि पेरॉक्साइडनें जें घेतलें, तें देणें-घेणें तारेकडूनच करविलें तर? लिंबू संपतें, औषध संपतें. तारेंतून मात्र बटण एका बाजूस फिरवून इलेक्ट्रॉन देतां येतात आणि दुसऱ्या बाजूस फिरवून ते परत घेतां येतात. विजेनें रंग बदलणाऱ्या पदार्थांचें मर्म एवढेंच आहे. मात्र येथें पदार्थ पाण्यांत मोकळा असून चालत नाहीं. तो तारेला चिकटून राहिला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉन गेला तरी जागचा हलतां कामा नये. या अटीमुळेंच धातु आणि बहुवारिकें यांचा संबंध येतो.

आवळा लोखंडी विळीवर चिरला कीं काळा पडतो, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तो काळिमा नुसत्या आवळ्याचाहि नव्हे आणि नुसत्या लोखंडाचाहि नव्हे. आवळ्यांतील तुरट द्रव्य आणि लोह यांचा संयोग होऊन तो जन्मास येतो. मध्यें धातूचा अणु आणि त्यास भोंवतालून धरून बसलेलीं दुसरीं द्रव्यें, अशा बैठकींतून मूळच्या कोणांतहि नसलेला रंग उत्पन्न होतो. निसर्गांत आणि कारखान्यांत अशीं उदाहरणें विपुल आहेत.

त्यांपैकीं इतिहासांत अतिशय गाजलेलें उदाहरण प्रशियन निळाईचें. १७०४ ते १७०६ च्या सुमारास बर्लिन शहरीं डीसबाख नांवाचा रंग बनविणारा कारागीर तांबडा रंग करावयास बसला होता. त्यानें घेतलेला क्षार प्राणिज तेलानें दूषित झालेला होता, आणि त्यामुळें तांबड्याच्या जागीं गडद निळा रंग हातीं आला, अशी हकीकत सांगतात. पुढें १८४२ सालीं इंग्लंडांत जॉन हर्शेल यांनीं लोहाचे क्षार लाविलेल्या कागदावर सूर्यप्रकाशानें हीच निळाई उमटविण्याची युक्ति काढली. तीपासून यंत्रांच्या आणि इमारतींच्या नकाशांच्या निळ्या नकला निघूं लागल्या. आमच्या वडिलांच्या ट्रंकेंत निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांनीं काढलेला एका यंत्राचा नकाशा होता. लहानपणीं आम्हां भावंडांस तो मोठा गूढ वाटे. पुतण्यानें त्याच नकाशाची आठवण देऊन मला हा विषय समजावून दिला.

या निळाईची अंतर्रचना पाहण्यासारखी आहे. लोहाचा अणु, मग कार्बन व नायट्रोजन यांच्या जोडीचा दुवा, पुन्हां लोहाचा अणु, असें हें जाळें तिन्ही दिशांनीं पसरलेलें असतें. त्यांतील कांहीं लोह-अणूंजवळ एक इलेक्ट्रॉन अधिक असतो, कांहींजवळ एक उणा. अधिकवाल्याकडून उण्याकडे इलेक्ट्रॉन उडी घेतो तेव्हां तांबड्या-नारिंगी बाजूचे किरण गिळले जातात, आणि आपणांस निळें दिसतें. कार्बन-नायट्रोजनची ती जोडी म्हणजे सायनाइडच. परंतु वाचकांनीं दचकूं नये. लोहानें तिला इतकें घट्ट धरलेलें असतें कीं, थॅलियम नांवाच्या धातूच्या विषबाधेवर हीच निळाई औषध म्हणून पोटांत देतात.

१९७८ सालीं अमेरिकेंतील रसायनज्ञ नेफ यांनीं या निळाईचा पातळ थर विद्युत्-अग्रावर बसवून त्यास वीज दिली. इलेक्ट्रॉन आंत गेले तेव्हां सर्व लोह-अणु एकाच अवस्थेस आले, उडी घेण्यास जागा उरली नाहीं, आणि थर रंगहीन झाला. इलेक्ट्रॉन परत काढतांच तो पुन्हां निळा झाला. पावणेतीनशें वर्षें जो रंग चित्रांत आणि नकाशांत स्थिर बसला होता, तो असा बटणाच्या आज्ञेंत आला.

प्रशियन निळाई हें एक प्रकारचें धातुयुक्त बहुवारिकच. परंतु तें आपल्या इच्छेप्रमाणें घडवितां येत नाहीं. बहुवारिक, म्हणजेच पॉलिमर, हा शब्द कोणास अवघड वाटेल. त्यांनीं उल्हासनगरच्या शेजारीं शहाड येथें १९५० च्या दशकांत उभ्या राहिलेल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याची आठवण करावी. लांकडाच्या लगद्यांत सेल्युलोज असतें. त्याचा एकेक रेणु म्हणजे शेंकडों समान दुव्यांची सांखळी. तो लगदा क्षार आणि कार्बन डायसल्फाइड यांच्या योगानें पातळ करावयाचा, बारीक छिद्रांतून आम्लांत सोडावयाचा, कीं रेशमासारखा चकचकीत धागा तयार होतो. समान दुव्यांच्या अशा लांब सांखळीस बहुवारिक म्हणतात.

आतां अशी कल्पना करावी कीं, सांखळीच्या प्रत्येक दोन दुव्यांमध्यें लोहाचा एक अणु बसविलेला आहे. दुवा म्हणजे कार्बनी द्रव्याचा एक तुकडा. त्याच्या दोन्ही टोकांस चिमटे आहेत, आणि प्रत्येक चिमट्यांत लोहास धरणारे नायट्रोजनचे तीन अणु आहेत. लोहाच्या अणूस एका बाजूनें एका तुकड्याचा चिमटा धरतो, दुसऱ्या बाजूनें दुसऱ्या तुकड्याचा. नुसते तुकडे आणि लोहाचा क्षार योग्य मापानें एकत्र केले कीं सांखळी आपोआप जुळत जाते. जपानांत त्सुकुबा येथील राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेंत मासायोशी हिगुची आणि त्यांचे सहकारी अशा बहुवारिकांवर दीर्घकाळ काम करीत आले आहेत. लोह घातलेलें बहुवारिक जांभळट निळें असतें. विजेनें प्रत्येक लोह-अणूचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला कीं तें जवळजवळ रंगहीन होतें. परत दिला कीं पुन्हां निळें. लोहाच्या जागीं रुथेनियम नांवाचा दुर्मिळ धातु घातला तर मूळचा रंग तांबडट नारिंगी येतो. दोन्ही धातु एकाच सांखळींत गुंफिले तर विजेच्या दाबाप्रमाणें एकामागून एक निरनिराळे रंग दिसूं शकतात. शिवाय हा पदार्थ विरघळत असल्यामुळें, रंगाचा हात द्यावा तसा तो कांचेवर पातळ पसरवितां येतो.

कांच कशी तयार करतात तेंहि थोडक्यांत सांगतों. दोन कांचा घ्यावयाच्या. दोन्हींच्या आंतल्या अंगास इंडियम आणि कथील यांच्या ऑक्साइडचा पारदर्शक थर असतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, पण विजेस वाट देतो. एका कांचेवर त्या थरावर रंगीत बहुवारिकाचा लेप द्यावयाचा. त्याची जाडी केंसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. दुसऱ्या कांचेवर विजेचा हिशेब पुरा करणारा एक जोडीदार थर असतो. मध्यें क्षार विरघळविलेला जेलीसारखा पदार्थ भरून कडा बंद करावयाच्या. हा क्षार लागतोच. कारण इलेक्ट्रॉन निघून गेला कीं त्याच्या जागीं विजेचा तोल राखण्यासाठीं क्षारांतील विद्युत्-भारित कण थरांत शिरावे लागतात. ते हळू शिरले तर रंगहि हळू बदलतो. वीज लागते ती दोन-तीन व्होल्ट, म्हणजे हातबत्तीच्या दोन सेलांइतकी. आणि एकदां रंग पालटल्यावर तो कांहीं काळ वीज न देतांहि टिकतो.

संध्याकाळीं चारच्या सुमारास दादांच्या पश्चिमेच्या खोलींत बसून हें संभाषण चाललें होतें. खिडकींतून ऊन सरळ टेबलावर येत होतें. पडदा ओढला तर बाहेरचीं झाडें दिसेनात. उघडा ठेविला तर डोळे दिपत. "काका, या खिडकीलाच अशी कांच असती, तर बाहेरचें दिसलें असतें आणि ऊनहि निम्मेंशिम्में थांबलें असतें," पुतण्या म्हणाला. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा पुष्कळ वाचकांनीं याचा एक नमुना पाहिलाहि असेल. २०११ सालीं प्रवाशांच्या सेवेंत आलेल्या बोइंग ७८७ या विमानाच्या खिडक्यांस पूर्वीसारखी सरकती झडप नाहीं; बटण दाबलें कीं मिनिटा-दोन मिनिटांत कांच काळसर निळी होते. तेथील रंगद्रव्य धातुयुक्त नाहीं, परंतु इलेक्ट्रॉनच्या देण्या-घेण्याचें तत्त्व तेंच.

या शास्त्राच्या आरंभाशीं एका भारतीय नांवाचा संबंध आहे, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. सत्येन देब यांनीं अमेरिकेंत काम करीत असतां १९६९ सालीं टंगस्टन ऑक्साइडच्या पातळ थराचा रंग विजेनें पालटतो हें दाखवून दिलें. महाराष्ट्रांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठांत प्रा. प्रमोद पाटील आणि त्यांचे विद्यार्थी यांनीं अशा ऑक्साइडांच्या थरांवर अनेक वर्षें संशोधन केलें आहे. तापविलेल्या कांचेवर द्रावणाचा बारीक फवारा मारून थर बसविण्याची त्यांची पद्धति साधनांच्या दृष्टीनें साधी आहे, आणि परदेशांतील संशोधकांसहि ती परिचित आहे.

तथापि या कांचेचें गुणगान एकांगी होऊं नये. सूर्याच्या उष्णतेपैकीं सुमारें अर्धा भाग डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांतून येतो. लोहाचें निळें बहुवारिक मुख्यतः दिसणारे किरण अडवितें. न दिसणारे अडविण्यांत टंगस्टन ऑक्साइड अधिक तरबेज आहे. शिवाय गिळलेल्या किरणांनीं कांच स्वतःच तापते. म्हणून आज घर बांधणाऱ्यानें पश्चिमेस ओसरी, झाड किंवा वाळ्याचा पडदा यांचाच आश्रय करणें शहाणपणाचें. ऊन कांचेच्या बाहेरच अडविलेलें केव्हांहि बरें, आणि त्यास फारसें द्रव्यहि लागत नाहीं.

इतका वेळ दादा ऐकत होते. आतां त्यांनीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें आणि एकच प्रश्न विचारला, "किती वेळां फिरतो तुझा रंग?"

हा प्रश्न तीस वर्षांच्या अनुभवाचा होता. पुतण्यानें कागद घेऊन हिशेब मांडला. खिडकी दिवसांतून दोनदां फिरविली तर वीस वर्षांत १४,६०० वेळां फिरावी लागेल. तितक्या वेळां लोहानें इलेक्ट्रॉन द्यावा आणि तितक्याच वेळां तो परत घ्यावा. एकदांहि सांखळी तुटूं नये, थर कांचेपासून सुटूं नये, आंत ओल शिरूं नये. विजेचा दाब थोडा अधिक झाला तरी पदार्थ बिघडतो. फिरून फिरून जो रंग जसाच्या तसा परत येतो, तोच येथें पक्का. दादा कांहीं वेळ त्या आंकड्यांकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनीं कपाटांतून आपलें जुनें शेड-कार्ड काढलें. निरनिराळ्या रंगांत बुडविलेल्या सुताच्या लड्या त्यावर ओळीनें चिकटविलेल्या होत्या. "आम्ही ह्या अर्ध्या झांकून उन्हांत ठेवीत होतों," ते म्हणाले, "आणि महिन्यानें झांकलेली व उघडी बाजू ताडून पाहत होतों. तुझी कसोटी निराळी आहे. पण कसोटी आहे खरी."

वहिनींचा प्रश्न मात्र उरलाच होता, आणि तो सर्वांहून अवघड. या भागांतील रंगांच्या धंद्यामागें विद्येचा मोठा वारसा आहे. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्येचा विभाग १९३३ सालीं सुरू झाला. तेथील रंगशास्त्राचे आचार्य डॉ. के. वेंकटरामन् यांचे ग्रंथ जगभर प्रमाण मानले गेले, आणि पुढें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक तेच झाले. अशा विद्येवर कारखाने उभे राहिले आणि शेंकडों घरांच्या चुली पेटल्या. पण ज्या गुणाकरितां रंगाची वाखाणणी होते, तोच गुण नदींत दोष ठरतो. पाण्यानें, साबणानें, उन्हानें न जाणारा रंग नदीच्या पाण्यांतहि लवकर जात नाहीं. जे सूक्ष्म जंतु इतर घाण खाऊन पाणी शुद्ध करतात, त्यांस हे रंग पचविणें कठीण जातें. उल्हासनगरांतील जीन्स धुण्याचे अनेक कारखाने प्रदूषणाच्या तक्रारी व दावे झाल्यावर बंद करण्यांत आले, त्याची झळ मालकांपेक्षां हातावर पोट असणाऱ्या कामगारांस अधिक लागली. नदीहि गेली आणि रोजगारहि गेला, असा हा दुहेरी तोटा.

मग हें नवें द्रव्य निर्दोष आहे काय? तसें म्हणणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. कांचेवर बसणारा लेप अत्यंत थोडा आणि कडा बंद करून आंत ठेविलेला असतो, हें खरें. धोतरा-साडीच्या रंगाप्रमाणें तो रोज धुतला जात नाहीं. परंतु ते चिमटेवाले तुकडे तयार करतांना द्रावकें लागतात, क्षार निघतात, आणि जुनी कांच फुटली कीं तींतील इंडियम व इतर धातु कोठें जाणार हाहि प्रश्न आहेच. प्रयोगशाळेंतील चंबूंत तें दिसत नाहीं. कारखान्याच्या मोरींत दिसूं लागतें. पुतण्यानें हें निमूटपणें कबूल केलें. आपल्या शिक्षणांत सांडपाण्याविषयीं आपण एकच प्रकरण, तेंहि परीक्षेपुरतें वाचलें, असेंहि तो म्हणाला.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. "मला तुझें इलेक्ट्रॉन कळत नाहीं," त्या म्हणाल्या, "पण पांच वर्षें जाणार असशील तर एक कर. तुझ्या वहींत रंग किती वेळां फिरला हें जेथें लिहिशील, त्याच्याच शेजारीं तो करतांना किती पाणी गेलें आणि कोठें गेलें तेंहि लिहीत जा."

दादा म्हणाले, "आमच्या वेळीं हें कोणी सांगितलें असतें तर!" एरवीं ते असें बोलत नाहींत.

बदलापूर हें नांव कसें पडलें याविषयीं तेथील लोक सांगतात कीं, शिवकाळांत मजल मारणारे स्वार येथें घोडे बदलीत. दमलेलें घोडें सोडून ताजें घ्यावयाचें, पण वाट तीच. आमच्या घरींहि त्या दिवशीं तसेंच कांहीं झालें असें वाटतें. वाट रंगांचीच राहिली. आषाढाच्या आरंभीं पुतण्याचें पत्र आलें. त्यानें संशोधनाची जागा पत्करली आहे, आणि पहिल्या महिन्याच्या वहीचें एक पान त्यानें मुद्दाम आईकरितां उतरवून पाठविलें आहे. त्यावर डावीकडे रंगाच्या फेऱ्या आहेत आणि उजवीकडे पाण्याचे लिटर. वहिनींनीं तें पान देवघराच्या कपाटांत ठेविलें आहे, असें दादा कळवितात. उजवीकडचे आंकडे अजून डावीकडच्यांपेक्षां बरेच मोठे आहेत.